शून्य टक्क्याची कारकुनी

मराठीत कर्ज काढतात, फेडतात, बुडवतात आणि फिरवतात. पहिल्या क्रियेला बँका लोन म्हणतात, दुसरीला रिपेमेंट, तिसरीला एनपीए. चौथीला मात्र बरीच वर्षं बँकेच्या भाषेत नावच नव्हतं, आणि आपल्या भाषेत जे होतं ते चारचौघांत घेण्यासारखं नव्हतं. एकाकडून उचलून दुसऱ्याला द्यायचं, दुसऱ्याचा तगादा मिटवायला तिसऱ्याला गाठायचं, आणि तिसरा दारात उभा राहीपर्यंत पहिल्याचा राग निवलेला असतो म्हणून पुन्हा त्याच्याकडेच जायचं, या उद्योगाला आपल्याकडे टोप्या फिरवणं म्हणतात. अशा माणसाच्या घरी लोक मुलगी देत नसत. दिलीच तर दागिने माहेरी ठेवून देत. अमेरिकन बँकांनी याच उद्योगाचं ‘बॅलन्स ट्रान्सफर’ असं बारसं केलं, ते जाड गुळगुळीत कागदावर छापलं, वर भोपळ्याएवढं शून्य काढलं आणि टपालाने घरोघरी धाडून दिलं. टोप्या फिरवणारा इसम त्या दिवसापासून सन्माननीय ग्राहक झाला. इतकी झटपट समाजसुधारणा आपल्याकडे कुठल्याच सुधारकाला जमली नाही.

योजना ऐकायला सरळ आहे. जुन्या कार्डावर पाच हजार डॉलर थकलेत आणि त्यावर वीस-एकवीस टक्के व्याज चाललंय. नवी बँक म्हणते, ती थकबाकी आमच्याकडे आणा. बारा, पंधरा, कधीकधी तर एकवीस महिने व्याज शून्य. एकदाच काय ती तीन ते पाच टक्के फी द्या. इथवर ठीक. पण काही बँका सोबत कोरे चेकही पाठवतात. त्यावर जुन्या बँकेचं नाव घालण्याऐवजी स्वतःचंच घातलं आणि चेक बचत खात्यात भरला, तर थकबाकी नसतानाही हजारो डॉलर बिनव्याजी हातात येतात. तारण नको, जामीनदार नको. आपल्याकडे पतसंस्थेतून पन्नास हजार काढायचे तर दोन जामीनदार लागतात, आणि ते दोघं मिळायला आधी आपण त्यांना जामीन राहिलेलं असावं लागतं. तेव्हा एका हिशोबी जातीच्या माणसाला असं वाटू लागलं की जगात याहून स्वस्त कर्ज नाही. गरज असो वा नसो, ते घेत राहावं, मुदत संपत आली की पुढच्या शून्यावर उडी मारावी, आणि मधल्या काळात त्या पैशाचं व्याज आपण खावं. इंग्लंडात या खेळाला ‘स्टूझिंग’ असं खास नाव पडलंय. या माणसाचा हिशोब खोटा नाही, हे मी आधीच कबूल करतो. माझी तक्रार नावाबद्दल आहे. याला कर्ज म्हणू नये, ही सरळसरळ नोकरी आहे. पद कारकुनाचं, काम तारखा सांभाळण्याचं, पगार वाचलेल्या व्याजाच्या रूपाने, रजा नाही, आणि पहिल्याच चुकीला बडतर्फी.

ही नोकरी बँकेने का काढली, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. सप्टेंबर १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात साठ हजार कार्डं लोकांनी न मागता टपालाने पाठवली. शंभरातली चार खाती थकतील असा बँकेचा अंदाज होता, थकली बावीस. न फेडणारा माणूस परवडत नाही, हा पहिला धडा. पुढे दुसरा धडा मिळाला तो जास्त कडू होता: वेळेवर सगळं फेडणाऱ्याकडूनही व्याज मिळत नाही. हा गृहस्थ महिनाभर बँकेचे पैसे वापरतो, ठरल्या तारखेला पै न पै चुकवतो आणि वर बक्षिसाचे पॉइंटही घेऊन जातो. अमेरिकेच्या कार्डधंद्यात याला ‘डेडबीट’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ बुडव्या. म्हणजे ज्याने सगळं देणं चुकवलं तो बुडव्या, हा अर्थ जगातल्या कुठल्याही सावकाराला आजवर सुचलेला नव्हता; आपल्या मारवाड्याने तर तो ऐकून कानाला हात लावले असते. बँकेला हवा असतो तो या दोघांच्या मधला: बुडवतही नाही, फेडूनही टाकत नाही, नुसता फेडत राहतो. ॲंड्र्यू कार नावाच्या गणिती डोक्याच्या सल्लागाराने अशा ग्राहकाची मशागत कशी करायची ते शोधलं. दरमहा भरायची किमान रक्कम पाच टक्क्यांवरून दोनवर आणली की हप्ता हलका वाटतो आणि कर्ज दीर्घायुषी होतं. ज्या कंपनीसाठी त्यांनी ही मशागत केली ती पुढे प्रॉव्हिडियन या नावाने मोठी झाली, आणि २००० साली ग्राहकांना भुलवल्याच्या तक्रारींवरून तिला किमान तीस कोटी डॉलर परत करायचं कबूल करावं लागलं. दरम्यान व्हर्जिनियातल्या सिग्नेट बँकेत रिचर्ड फेअरबँक आणि नायजेल मॉरिस या जोडीला आणखी एक गोष्ट सुचली. असा ग्राहक आपण कशाला पिकवायचा? दुसऱ्याच्या आढीत पिकलेला आहेच, तो कमी व्याजाचा वास दाखवून उचलावा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचं हे काम इतकं फळलं की १९९४ मध्ये त्यातून कॅपिटल वन ही स्वतंत्र कंपनी निघाली. तेव्हा पाकिटावरचं शून्य हा बँकेच्या दृष्टीने ग्राहक पळवण्याचा खर्च आहे. तो वसूल कसा होतो? शंभरातले काही जण कारकुनीत चुकतात, म्हणून.

आता पगार किती तो बघू. या नोकरीचा सुवर्णकाळ म्हणजे २००६-०७. त्या सुमाराला अमेरिकेत मध्यवर्ती बँकेचा दर सव्वापाच टक्क्यांवर होता आणि इंटरनेटवरच्या बचत खात्यांत पाच टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत होतं. ट्रान्सफरची फी तीन टक्के, पण पुष्कळ कार्डांवर तिला पंचाहत्तर डॉलरची कमाल मर्यादा. दहा हजार डॉलर वर्षभरासाठी शून्याने उचलून बचत खात्यात टाकले, दरमहा दोन टक्के किमान रक्कम भरत गेलो, तर सरासरी नऊ हजारांवर व्याज मिळतं साडेचारशे डॉलर. त्यातून फीचे पंचाहत्तर गेले. व्याजावर प्राप्तिकर भरायचा, तो चौथा हिस्सा धरला तर आणखी एकशे दहा-बारा. हातात राहिले सुमारे दोनशे साठ डॉलर. आता काम मोजा. अर्ज करणं, अटींचं बारीक अक्षर भिंगाखाली वाचणं, चेक भरणं, तो वटेपर्यंत रोज खातं उघडून बघणं, बारा हप्ते, बारा स्टेटमेंटं, आणि शेवटी सगळी रक्कम एकदम भरून ती पोचली की नाही यासाठी कस्टमर केअरचं संगीत ऐकत बसणं. वर्षाचे वीस तास धरले तर तासाला तेरा डॉलर पडतात. २००७ च्या सुरुवातीला अमेरिकेत कायद्याने ठरलेलं किमान वेतन तासाला पाच डॉलर पंधरा सेंट होतं. म्हणजे हॅम्बर्गर उलटवण्यापेक्षा ही नोकरी बरी. पण हॅम्बर्गर करपला तर मालक पगारातून चाळीस डॉलर कापत नाही. इथे त्या काळी एक हप्ता दोन दिवस उशिरा पोचला की तीस-चाळीस डॉलर दंड व्हायचा, शून्य संपायचं, आणि उरलेल्या रकमेला तीस टक्क्यांच्या घरातलं व्याज लागायचं.

डिसेंबर २००८ मध्ये मध्यवर्ती बँकेने आपला दर शून्यापाशी आणून ठेवला आणि बचत खात्याचं व्याज आटलं. तोवर फीवरची मर्यादाही उठत चालली होती. तीन टक्के देऊन एक टक्का कमावण्यात फक्त व्यायाम होतो. २०२३ मध्ये व्याजदर पुन्हा साडेपाच टक्क्यांपर्यंत चढले तेव्हा जुन्या कारकुनांनी चष्मे पुसले. पण आता दहा हजारांवर पंधरा महिन्यांत, तीन टक्के फी आणि कर वजा जाता, शंभर डॉलरही सुटत नाहीत. फी पाच टक्के असेल तर पदरचे घालावे लागतात. थोडक्यात, पद तेच, काम तेच, वेतन आयोग मात्र उलट्या दिशेने निघाला. आणि हे सगळं ज्याला मूळ रकमेची गरजच नाही त्याच्यासाठी. ज्याला खरोखर पैसे हवेत आणि जो ते समान हप्त्यांत वर्षभरात फेडणार आहे, त्याची सरासरी उचल निम्म्याच्या जवळपास राहते. फी मात्र तो पूर्ण रकमेवर देतो. म्हणून त्याची तीन टक्के फी म्हणजे प्रत्यक्षात साडेपाच टक्क्यांच्या घरातलं व्याज. तरीही ते स्वस्तच आहे, यात वाद नाही. शून्य मात्र ते कुठूनही दिसत नाही.

या कारकुनीतला सगळ्यात सुंदर नियम २०१० पूर्वीचा. तो इतका सुबक होता की कायद्याने मारला याचं थोडं वाईट वाटतं. समजा एका कार्डावर शून्य टक्क्याने आणलेले पाच हजार आहेत आणि त्याच कार्डावर गृहस्थाने एक कॉफी घेतली. ट्रान्सफर शून्य टक्क्याने, कॉफी अठरा टक्क्यांनी. महिनाअखेर त्याने शंभर डॉलर भरले. सामान्य माणूस म्हणेल, आधी कॉफी फिटली. बँक म्हणे, छे, आधी स्वस्त कर्ज फेडलं जाईल. म्हणजे पाच हजार फिटेपर्यंत ती कॉफी खात्यात उकळत राहायची. वर्षभराने कप विसरला, दुकान बंद पडलं, दूध कुठल्या गायीचं होतं ती गायही गेली, तरी कॉफीचं व्याज चालूच. म्हणून जाणते लोक असं कार्ड हातात येताच ड्रॉवरमध्ये पुरून ठेवत आणि घरच्यांना त्याचा पत्ता लागू देत नसत. जे वापरायचं नाही, पाकिटात ठेवायचं नाही, पण ज्याचा हप्ता दरमहा भरायचा, अशी वस्तू घरात बाळगणारा माणूस आपल्याला श्रीमंत समजायचा, हे विशेष. २००९ च्या मे महिन्यात ओबामांनी कार्डांबद्दलच्या नव्या कायद्यावर सही केली. फेब्रुवारी २०१० पासून किमान रकमेच्या वर भरलेला पैसा आधी महागड्या कर्जाकडे वळवणं बँकांना भाग पडलं. सवलतीचा दर किमान सहा महिने टिकलाच पाहिजे असंही ठरलं. शिवाय नुसती किमान रक्कम भरत राहिलात तर कर्ज फिटायला किती काळ लागेल, हे दर स्टेटमेंटवर छापणं सक्तीचं झालं. तो आकडा वाचताना आपल्या वयात तो मिळवून बघायचा मोह आवरत नाही.

इथे मराठी माणसाचा विषय आपोआप येतो, कारण या पदासाठी याच्याइतका लायक उमेदवार पृथ्वीवर नाही. ज्या घरात दुधाचे खाडे कॅलेंडरवर मांडले जातात, गॅस कधी लावला ती तारीख सिलिंडरवर खडूने लिहिली जाते, आणि कामवाल्या बाईंच्या अडीच दिवसांच्या गैरहजेरीतला अर्धा दिवस कुठला यावर महिनाअखेर सुनावणी होते, त्या घराला बँकेची ड्यू डेट म्हणजे किरकोळ गोष्ट. कालनिर्णय १९७३ पासून भिंतीवर आहे ते काय केवळ एकादशीसाठी? त्याच्या चौकोनांत इस्त्रीचे कपडे, विम्याचे हप्ते आणि भिशीची पाळी एकमेकांना धक्का न लावता नांदतात. अशा घरातली व्यक्ती पंधरा महिन्यांत एकही तारीख चुकवणार नाही. गंमत अशी, की ज्याच्या घरी दुधाच्या खाड्यांचा हिशोब चोख, त्याला कर्जाचं नाव काढलं तरी रात्री झोप येत नाही. चार्वाकाने ऋण काढून तूप प्यायला सांगितलं हे त्याला शाळेत शिकवलेलं असतं, पण वाईट मुलाचं उदाहरण म्हणून. आणि ज्याला कर्जाचं काहीच वाटत नाही, त्याच्या घरी दूध किती आलं हे दूधवालाच सांगतो. बँकेचा सगळा धंदा या विषम वाटणीवर उभा आहे. शून्याचा फायदा घेऊ शकणारे अर्ज करत नाहीत, अर्ज करणाऱ्यांपैकी बरेच जण फायदा घेऊ शकत नाहीत. दोन्ही गुण एकाच अंगी असलेले थोडे सापडतात, आणि त्यांना पोसणं बँकेला सहज परवडतं.

हे थोडे लोक कुठे सापडतात म्हणाल, तर एडिसनसारख्या न्यू जर्सीच्या गावांत त्यांची दाटी असायला हरकत नाही. पुण्या-ठाण्याहून गेलेला, कॅलेंडरवर खाडे मांडणाऱ्या घरात वाढलेला आणि अमेरिकन टपालपेटी असलेला माणूस. त्याला आणखी एक दार उघडं होतं. डिसेंबर २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने अनिवासी भारतीयांच्या एनआरई ठेवींवरचे व्याजदर मोकळे केले आणि बँका नऊ टक्के आणि वर देऊ लागल्या. वर भारतात त्यावर कर नाही. अमेरिकेत शून्याने उचला, भारतात नऊने ठेवा. कागदावर यात खोट काढता येत नाही. फक्त कागद डॉलरचा आणि ठेव रुपयाची. २०१३ च्या सुरुवातीला डॉलर साडेचोपन्न रुपयांच्या आसपास होता. दहा हजार डॉलरचे पाच लाख पंचेचाळीस हजार झाले, वर्षाने नऊ टक्क्यांनी पाच लाख चौऱ्याण्णव हजार झाले, आणि तोवर डॉलर बासष्टला जाऊन बसला होता. मधे ऑगस्टात तो अडुसष्टच्या वरही जाऊन आला. परत फिरवले तर हातात नऊ हजार सहाशे डॉलरही नाहीत. शिवाय ट्रान्सफरची फी, आणि भारतात माफ असलेल्या व्याजावर अमेरिकेत कर. घाबरून ठेव वर्षाच्या आत मोडली तर व्याजही नाही, कारण एनआरई ठेवीला किमान एक वर्ष पुरं करावं लागतं. नऊ टक्के व्याज मिळूनही मुद्दल घटलं, आणि कुणी फसवलंही नाही. सगळे कागद चोख. अशा वेळी भांडायला कुणी नसतं, हे मराठी माणसाला पैसे गेल्यापेक्षा जास्त लागतं.

यावर पहिला आक्षेप असा येईल की आता काळ बदलला. हप्ता आपोआप कापून जातो, फोन आठवण करतो, तुमची कारकुनी हवी कशाला? खरं आहे, विसरण्याची चूक यंत्राने बरीच कमी केली. पण कारकून चुकलाच नाही तर पगार पूर्ण मिळतो, हेही गृहीत धरू नका. जेपी मॉर्गन चेस बँकेने काही ग्राहकांना रक्कम फिटेपर्यंत व्याज कमीच राहील अशा अटीवर कर्जं दिली होती. तीन-चार टक्के व्याज, मुदतीची भीती नाही. यालाच म्हणतात सरकारी नोकरी. ग्राहकांनी नियम पाळले, तारखा पाळल्या, त्या कार्डावर कॉफी घेतली नाही. २००८ च्या अखेरीस बाजार कोसळला तसं बँकेने व्याजाला हात न लावता किमान हप्ता दोन टक्क्यांवरून पाचवर नेला. शब्द मोडला नाही, फक्त अडीचपट वेगाने पाळायला लावला. दोन टक्क्यांच्या हिशोबाने घर चालवणारे काही जण पाच टक्के भरू शकले नाहीत, आणि जे भरू शकत नाहीत त्यांना स्वस्त व्याजाचा हक्क उरत नाही. खटले झाले आणि २०१२ मध्ये बँकेने दहा कोटी डॉलरवर तडजोड केली. चार वर्षं कोर्टात भांडून कारकुनांना फरक मिळाला. आपल्याकडच्या निवृत्त शिक्षकांना ही गोष्ट ओळखीची वाटेल.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. टोप्या फिरवणं मोठ्या कंपन्या करतातच की! जुने रोखे फेडायला नवे रोखे काढतात, अल्पमुदतीचं कर्ज वर्षानुवर्षं पुढे ढकलतात, आणि वर्तमानपत्रं त्याला कुशल वित्तव्यवस्थापन म्हणतात. मग मध्यमवर्गीयाने केलं की त्याची टिंगल का? अगदी मान्य. फक्त कंपनीत या कामाला स्वतंत्र खातं असतं, त्यात पगारी माणसं असतात, आणि त्यांच्या चुकीवर नजर ठेवायला आणखी पगारी माणसं असतात. घरात वित्तव्यवस्थापन म्हणजे फ्रिजवर चुंबकाने लावलेला एक कागद, ज्यावर शेजारी पिझ्झाचा नंबर असतो. आणखी एक फरक. कंपनी बुडाली तर संचालकाच्या घरावर सहसा जप्ती येत नाही, पण कार्ड थकलं तर कर्ज आणि कर्जदार एकाच घरात राहतात. शिवाय नवं कर्ज मिळण्याची खात्री कुठे आहे? मंदी आली की अमेरिकन बँका पहिली गोष्ट करतात ती लिमिट कापण्याची. टोपी एका डोक्यावरून उचललेली असते, आणि पुढचं डोकं ऐनवेळी जागेवर नसतं.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र मी टिंगल आवरती घेतो, आणि तो आपल्या घरचा आहे. भारतात कार्डाचं व्याज महिन्याला तीन ते पावणेचार टक्के, म्हणजे वर्षाला छत्तीस ते पंचेचाळीस. त्यावर अठरा टक्के जीएसटी. एक लाख थकले आणि महिना साडेतीन टक्के असेल तर व्याज-कराचे मिळून चार हजार एकशे तीस रुपये. किमान रक्कम पाच टक्के धरून पाच हजार भरले तर मुद्दल उतरतं आठशे सत्तर रुपयांनी. माणसाला वाटतं आपण पाच हजार फेडले. अशा वेळी दुसरी बँक ती थकबाकी महिना दीड टक्क्याने हप्त्यांवर घेत असेल, तर प्रोसेसिंग फी देऊनही ती घ्यावी. त्याला टोपी फिरवणं म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. हा माणूस कारकुनीच करतोय, पण त्याचा पगार महिन्याला दोन हजारांहून जास्त आहे आणि तो त्याने आपल्या रक्तातून वाचवलेला आहे. जुन्या मुंबई इलाख्यात सावकारी व्याजाला दामदुपटाचा चाप होता: थकलेलं व्याज मुद्दलाच्या वर जायचं नाही. साडेतीन टक्क्यांची चक्रवाढ ही सीमा वीस-एकवीस महिन्यांत गाठते. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला मे १८७५ मध्ये शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे रस्त्यावर आणून जाळले, त्यानंतर चार वर्षांनी त्यांच्यासाठी कायदा झाला. कार्डाच्या बाबतीत राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये तीस टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. आणि हल्ली जाळायला वही नसते. ती कुठल्यातरी सर्व्हरवर असते, आणि तो कुठल्या देशात आहे हे शाखेच्या मॅनेजरलाही सांगता येत नाही.

गंमत म्हणजे या बाबतीत आपली रिझर्व्ह बँक अमेरिकेपेक्षा स्पष्ट बोलली आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये तिने बँकांना कळवलं की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वातच नाही. कार्डाच्या थकबाकीवरच्या शून्य टक्के हप्त्यांच्या योजनांत व्याज प्रोसेसिंग फीच्या आडोशाला उभं असतं. ज्या देशाला शून्याचा इतका अभिमान, तिथल्या मध्यवर्ती बँकेने शून्य नाही असं सही-शिक्क्यानिशी सांगावं, हे धाडसच म्हटलं पाहिजे. दुकानदारांनी त्यावर दुसऱ्याच दिवशी नाहीतरी तिसऱ्या दिवशी उपाय काढला असणार, कारण आता पाट्यांवर ‘नो कॉस्ट ईएमआय’ असतं. शून्य गेलं, भोपळा राहिला.

तेव्हा पाकीट आलं तर फेकून द्या असं मी म्हणणार नाही. कर्ज खरोखर असेल, ते खरोखर महाग असेल आणि मुदतीत फिटेल एवढा पगार येत असेल, तर नोकरी धरा. पहिलं पान बाजूला ठेवून शेवटचं वाचा. फी किती, मुदत कोणत्या दिवसापासून मोजणार आणि त्यानंतर दर काय, या तीन गोष्टी तिथे बारीक अक्षरात असतात. नवं कार्ड ड्रॉवरमध्ये ठेवा. आणि मुदत संपण्याची तारीख कॅलेंडरवर आजच लिहून टाका, असं सांगणार होतो, पण तिथे एक अडचण आहे. ऑफर पंधरा महिन्यांची असते आणि भिंतीवरचं कालनिर्णय बाराच महिन्यांचं.